ओल्या पुठ्ठ्याचा वास

९ जानेवारी

मामा, नमस्कार.

फोन केला असता, पण गेल्या वेळी मी "बरी आहे" म्हटलं ते तू "घरी आहे" ऐकलंस आणि मामीला सांगितलंस की माझी नोकरी गेली. तेव्हा आता पत्रच. शिवाय जे सांगायचं आहे ते ओरडून सांगण्यासारखं नाही.

माझं नाक गेलं आहे. म्हणजे जागेवर आहे, पण वास येत नाही. ऑक्टोबरात आठ दिवस ताप आला होता. त्यातून उठले आणि कामाला लागले. एका संध्याकाळी शेजारीण नाकाला पदर लावून दारात उभी. माझ्या फ्रिजमधला मासा कधीचा नासला होता आणि मी त्याच स्वयंपाकघरात बसून आरामात चहा पीत होते. गोड, आंबट, कडू, तुरट एवढं जिभेला कळतं. बाकी सगळं कोरं.

दुसऱ्या कुणाचं असं झालं असतं तर चार दिवस हळहळ करून गप्प बसला असता. मी नाकावर पोट भरते. आमच्या लिलावघरात जुन्या वाइनच्या पेट्या येतात, त्यातली एखादी बाटली उघडून मी चाखते, कॅटलॉगमध्ये चार ओळी लिहिते, आणि त्या चार ओळींवर भरवसा ठेवून लोक बोली लावतात. तीन महिने मी कुणाला पत्ता लागू दिलेला नाही. कसं, ते सांगायची लाज वाटते. मालकीणबाई ग्लास नाकाशी नेतात तेव्हा मी त्यांच्या भुवया बघते. त्या वर्षीचं हवामान, जुन्या नोंदी, सगळं आधी वाचून ठेवते. अजून पकडली गेले नाही, त्यामुळे भीती आणखी वाढली आहे.

आता एक काम असं आलंय की त्यातून सुटका नाही. एक निवृत्त चष्मेवाले आहेत, ऐंशीच्या घरातले. त्यांच्याकडे स्पेनच्या लाल वाइनच्या बारा बाटल्या आहेत, चव्वेचाळीस वर्षांच्या. जुन्या पद्धतीची वाइन: आधी कित्येक वर्षं ओकच्या पिंपात, मग कित्येक वर्षं बाटलीत, आणि त्यानंतरच दुकानात. त्यांच्या बायकोने घेऊन ठेवल्या होत्या. ती गेली. हे आता मुलीकडे दोन खोल्यांत राहायला जाताहेत. सहा फेब्रुवारीला एक बाटली उघडायची आणि वाइन जिवंत आहे की मेलेली, ते मी सांगायचं. मालकीणबाईंनी ही वाइन कधी चाखलेली नाही, त्या माझ्याच तोंडाकडे बघणार. भुवया वाचायच्या कुणाच्या?

तुला ही वाइन माहीत आहे. एकतीस वर्षं हॉटेलात तू ती वाढलीस. जेवताना तू तिचं वर्णन करायचास तेव्हा आई कुरकुरायची, आणि मी ताटावर हात वाळेपर्यंत ऐकत बसायचे. मी या धंद्यात आले ती तुझ्यामुळे. सगळं लिहून पाठव. वास कसा, घोट कसा, शेवट कसा. मी पाठ करेन.

आईला यातलं काही कळवू नकोस.

तुझी ठकू


१५ जानेवारी

ठकू,

पत्र दोनदा वाचलं. आधी मी, मग मामीने मोठ्याने, माझ्या बऱ्या कानाशी. तिचं म्हणणं पहिल्यांदा लिहितो, नाहीतर जेवायला मिळणार नाही: डॉक्टरकडे जा. नाकाच्या. तीन महिने काय झोपली होतीस का?

माझं म्हणणं, मालकीणबाईंना सांगून मोकळी हो. तुझं ठकू हे नाव मीच ठेवलं, पण लोकांना ठकवायला ठेवलं नव्हतं. तू सांगणार नाहीस हेही मला ठाऊक आहे. आपल्या घराण्यात चूक कबूल करायला एक पिढी लागते.

आता कामाचं. बाटली दोन दिवस आधी उभी करून ठेव, म्हणजे गाळ तळाला बसेल. इतक्या जुन्या बुचात स्क्रू घातलास तर हातात भुगा येईल. दोन पात्यांचा चिमटा मिळतो. ती पाती बुचाच्या दोन्ही अंगांनी, डावं-उजवं डोलवत, हळूहळू खाली सरकव आणि मग फिरवत फिरवत वर घे. घाई केलीस तर बूच आत पडेल. सुरईत ओतताना बाटलीच्या मानेमागे दिवा धर. धार एकसारखी ठेव, मधे थांबू नकोस. मानेत धुरासारखी काळी रेघ दिसली की हात आवर. मागे दोन बोटं उरतात, त्यांच्यात जीव अडकवायचा नाही. आणि सुरईत फार वेळ ठेवू नकोस, इतकी म्हातारी वाइन अर्ध्या तासात दमते.

वास म्हणशील तर आधी सुकवलेल्या चेरी. मग जुन्या लाकडी कपाटाचं दार उघडल्यासारखं काहीतरी, त्यात व्हॅनिलाची झाक. त्यामागून तंबाखूची पानं आणि कमावलेलं चामडं. घोट म्हणजे मखमल. आणि शेवटी मध. शेवटी मध हे विसरू नकोस, ती या वाइनची सही आहे.

मामीला हे वाचून दाखवलं तर म्हणाली, हे तुम्ही मला पहिल्या भेटीत ऐकवलं होतं, शब्दाला शब्द.

मामा


२४ जानेवारी

मामा,

मामीला सांग, डॉक्टरकडे जाऊन आले. त्यांनी चार छोट्या बाटल्या दिल्या आहेत: लवंग, लिंबू, गुलाब, निलगिरी. सकाळ-संध्याकाळ एकेक वीस सेकंद हुंगायची, आणि हुंगताना तो वास कसा होता ते आठवायचं. परत येईल का, विचारलं तर म्हणाले, येतो कुणाकुणाचा. मी रोज चार रिकाम्या बाटल्या हुंगते आणि कामाला जाते.

तुझं वर्णन पाढ्यांसारखं पाठ झालं आहे. फक्त एक शंका. आमच्याकडे पूर्वी चाखायला असलेल्या एका गृहस्थांची वही सापडली. त्यांनी याच वाइनबद्दल लिहिलंय, "शेवट कोरडा, तुरट, लांब." मध कुठेच नाही. मग मी काय म्हणू? तू पहिल्यांदा प्यायलास तो दिवस मला नीट लिही. कुठे होतास, सोबत कोण होतं, कसं वाटलं. नुसते शब्द पाठ करून माझा आवाज लागत नाही.

चष्मेवाले काल स्वतः पेटी घेऊन आले. प्रत्येक बाटली चष्मा पुसायच्या कापडात गुंडाळलेली. आपण वाइन पीत नाही, तो नाद बायकोचा होता, असं त्यांनी सांगितलं. जाताना दारात थांबले आणि म्हणाले, "मेलेली निघाली तर तसं सांगा. मला बरं वाटावं म्हणून बोलू नका." मी मान डोलावली. त्यानंतर मला जेवण गेलं नाही.

लवकर लिही.

ठकू


३ फेब्रुवारी

ठकू,

हे पत्र तुला सहा तारखेच्या आत मिळणार नाही हे कळत असूनही आज लिहायला बसलोय, यावरून माझी लायकी ओळख. फोन करता आला असता. मामीने दोनदा लावून हातात दिला. दोन्ही वेळा मी "ऐकू येत नाही" म्हणून परत दिला. दुसऱ्या वेळी तू अगदी स्वच्छ ऐकू येत होतीस.

मी ती वाइन कधी प्यायलेलो नाही.

शेवटी मध हे एका गिऱ्हाइकाचं. दर हिवाळ्यात यायचा, लाल मानेचा जाडा गृहस्थ, रुमाल मांडीवर टाकला की पहिलं वाक्य तेच. तंबाखू आणि चामडं एका बाईंचं, त्या एकट्याच जेवायला यायच्या. मखमल आमच्या हेड वेटरची. मी टेबलामागे सुरई धरून उभा असायचो आणि कान उघडे ठेवायचो, तेव्हा ते चांगले होते. ऐकलेलं दुसऱ्या टेबलावर सांगायचो. लोक खूश व्हायचे. हळूहळू माझंच झालं ते.

नोकरांनी प्यायचं नाही असा नियम होता, पण त्या नियमाआड मी लपणार नाही. एका दुपारी गिऱ्हाईक उठून गेलं आणि सुरईत तिसरा हिस्सा शिल्लक होता. पॅन्ट्रीत मी एकटा. ग्लासात ओतली, ओठापर्यंत नेली. आणि मनात आलं, ही नुसतीच आंबट निघाली तर? तर उद्या कुठल्या तोंडाने मखमल म्हणू? माहीत नव्हतं तोवर मी खोटं बोलत नव्हतो, नुसतं सांगत होतो. ग्लास बेसिनमध्ये रिकामा केला, धुतला, पुसून जागेवर ठेवला. त्यानंतर बारा वर्षं नोकरी केली.

तू माझ्यामुळे या धंद्यात आलीस असं लिहिलंस. ते वाक्य तेव्हापासून पाठ सोडत नाही.

चिमटा, दिवा, धार, गाळ, हे सगळं मी माझ्या हातांनी केलेलं आहे, ते खरं आहे. तेवढं ठेव. बाकीचं खोडून टाक.

मामा


७ फेब्रुवारी

मामा,

तुझ्या पत्राची वाट बघितली, आलं नाही. काल तुझ्या पहिल्याच पत्राच्या जोरावर उभी राहिले.

अकरा वाजता सुरुवात झाली. बूच अख्खं निघालं, तू सांगितलंस तसंच डोलवत काढलं. रेघ दिसली तिथे हात आवरला. रंग छान होता, मधे लालसर, कडेला विटकरी. टेबलाभोवती मालकीणबाई, दोन नेहमीचे खरेदीदार, एका हॉटेलात वाइनचं बघणारे एक गृहस्थ, आणि खुर्चीच्या कडेवर टेकलेले चष्मेवाले, टोपी गुडघ्यावर. आमच्याकडे आधी मी बोलायचं आणि मग इतरांनी, अशी रीत आहे.

ग्लास नाकाशी नेला. काही नाही. घोट घेतला. आंबट, तुरट. मग मी बोलले. चेरी, कपाट, तंबाखू, चामडं, मखमल, शेवटी मध. काय सांगू, तुझाच आवाज लागला. दोन्ही खरेदीदारांनी ग्लास हुंगून माना डोलावल्या, एक जण म्हणाला की मध अगदी बरोबर पकडलात. हॉटेलवाले ग्लासात बघत राहिले. मालकीणबाईंनी हुंगायच्या आधीच लिहून घ्यायला सुरुवात केली.

तेवढ्यात चष्मेवाल्यांनी विचारलं, बोललं तर चालेल का. आणि म्हणाले, "मला यातलं कळत नाही. पण मला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतोय. दुकानाच्या तळघरात एकदा पाणी शिरलं होतं, चष्म्यांचे डबे भिजले होते, तसा."

एक खरेदीदार हसला. मालकीणबाईंनी समजुतीच्या सुरात सांगितलं की जुन्या वाइनची नाकाला सवय व्हावी लागते. ते "असेल, असेल" म्हणाले, ग्लास पुढे सरकवून दिला आणि टोपीची कड चाचपत बसले. कान लाल झाले होते.

मामा, ओला पुठ्ठा ही खराब बुचाची खूण आहे. आमच्या शिक्षणात पहिल्या आठवड्यात शिकवतात. वाइनचा दोष नसतो, बूच तिला मारून टाकतं. त्या टेबलावर एकच नाक शाबूत होतं आणि आम्ही त्यालाच गप्प केलं होतं. मी काही बोलले नसते तर सगळं सुरळीत पार पडलं असतं. माझ्या ओळींवर बाकीच्या बाटल्या विकल्या गेल्या असत्या. आणि ते बायकोच्या वाइनमधलं आपल्याला काही कळत नाही असं समजून घरी गेले असते.

मी म्हटलं, "त्यांचं बरोबर आहे. बूच खराब आहे. मला ते कळलं नाही, कारण ऑक्टोबरपासून मला कसलाच वास येत नाही. आत्ता बोलले ते पाठ केलेलं होतं."

मालकीणबाईंनी ग्लास उचलून नीट हुंगला, खाली ठेवला आणि पेनाला टोपण लावलं. हॉटेलवाले पुटपुटले की त्यांनाही शंका आली होती, पण मी इतकं ठामपणे बोलल्यावर त्यांना वाटलं आपलंच चुकत असेल. मालकीणबाईंनी दुसरी बाटली मागवली. मला म्हणाल्या, "उघडा तुम्ही. सांगतील ते," आणि चष्मेवाल्यांकडे बोट केलं.

मी ओतत गेले, विचारत गेले. त्यांनी डोळे मिटले. आधी काहीच नाही म्हणाले. मग शिसपेन्सिल तासल्यावर येतो तसा वास. मग उन्हात वाळवलेली संत्र्याची साल. जिभेवर? आंबट, पण बोचत नाही. शेवटी? "चहा जास्त उकळला की तोंड कोरडं पडतं तसं. पण ते आवडतंय." मी अक्षरन् अक्षर टिपलं. मग ते म्हणाले, "मी दरवर्षी म्हणायचो, उघड एकदाची. ती म्हणायची, अजून नाही. बरोबर होतं तिचं." आणि उरलेला ग्लास सावकाश संपवला.

कॅटलॉगमध्ये त्यांचेच शब्द छापायचे ठरले आहेत. माझ्याबद्दलही ठरलं. ऑक्टोबरपासून मी नऊ पेट्यांवर लिहिलं, त्या नऊही खरेदीदारांना खरं काय ते मी माझ्या सहीने कळवायचं. चाखणं बंद. आता गोदामात बाटल्यांमधल्या वाइनची पातळी, बुचं आणि लेबलं तपासायची. मालकीणबाई म्हणाल्या, तुम्हाला काढत नाही, पण लगेच माफ केलं असंही समजू नका.

९ फेब्रुवारी

पत्र टाकायचं राहिलं, आणि आज तुझं आलं. आधी हसू आलं, मग हसू थांबलं. आपण दोघांनी मिळून एका भल्या माणसाला खोटं पाडलं असतं, मामा. त्याला तू माझ्याइतकाच कारण आहेस आणि मी तुझ्याइतकीच. आणखी रागवायचं होतं, पण बेसिनमध्ये ग्लास रिकामा करणारा तू डोळ्यांपुढे येतोस आणि राग जागच्या जागी विरतो. मीही खरं टाळायला तेच केलं, फक्त माझ्याकडे बेसिन नव्हतं.

चष्मेवाले सह्या करायला आले होते. ते वर्णन कुणाचं होतं असं त्यांनी विचारलं, आणि मी सगळं सांगून टाकलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ते मोकळेपणाने हसले. दहातली एक बाटली त्यांनी बाजूला काढली: "मामांना द्या." गुरुवारी आमची गाडी तुमच्या बाजूला येते, तिच्यात ठेवते. उभी कशी करायची ते तुला सांगायला नको. पिऊन झाल्यावर लिही, आणि कुणाचे शब्द नकोत.

ठकू


२७ फेब्रुवारी

ठकू,

बाटली पोचली. दोन दिवस उभी ठेवायची ती मी आठ दिवस ठेवली. मामी म्हणाली, उभी राहून राहून आता ती तरी खाली बसेल नाहीतर मी तरी. तेव्हा काल दुपारी खिडकीपाशी टेबल ओढलं.

बूच तुटलं. एकतीस वर्षांत माझ्या हातून कधी तुटलं नव्हतं, काल अर्धं आत पडलं. मामीने टॉर्च धरला होता, तीही हलत होती, हसण्याने. चहाच्या गाळणीतून ओतावं लागलं. हेड वेटरने पाहिलं असतं तर मला दारातून हाकललं असतं.

पहिला घोट आंबट. चेरी नाही. मखमल नाही. मध तर मी कानाकोपऱ्यात शोधला. मामीने विचारलं, कशी आहे? तोंडात सगळी जुनी वाक्यं गोळा झाली. ती गिळली आणि म्हटलं, थांब, अजून कळलं नाही.

पाव तासाने एक वास आला. पॅन्ट्रीत रोज सकाळी टेबलांवर घालायच्या कापडांचा गठ्ठा यायचा, नुकतीच इस्त्री केलेली, गरम. तो उचलताना छातीशी धरावा लागायचा, तेव्हा यायचा तसा वास. सुती, आणि कडेला जरा करपलेला. हा कुणाकडून ऐकलेला नाही. मग थोडं लाकूड. शेवटी तुझ्या त्या वहीतल्या गृहस्थांनी लिहिलंय तेच, कोरडं.

खरं सांगू? मला फारशी आवडली नाही. मामीला आवडली. तिने स्वतःचा ग्लास संपवला, मग माझा, आणि म्हणाली, "इतकी वर्षं तुम्ही हिच्याबद्दल बोलायचात. मला वाटायचं, एवढं काय आहे हिच्यात? आहे की."

मी तिला म्हटलं की मला नाही सापडलं. ती म्हणाली, मग नाही सापडलं. तेवढंच. तिने ग्लास विसळले, मी टेबल पुसलं. त्या दुपारी पॅन्ट्रीत ज्याला भ्यालो ते एवढंसंच होतं, ठकू. आंबट आहे असं मी सांगितलं असतं तर चार गिऱ्हाइकं उठून गेली असती. बाकीची बसलीच असती.

चष्मेवाल्यांना वेगळं पत्र लिहिलं आहे. वाइन आवडली नाही हेही लिहिलं आहे.

मामा


१९ मार्च

मामा,

तुझं पत्र चष्मेवाल्यांनी मला वाचायला आणून दिलं. ते तुला उत्तर लिहिणार आहेत. मामीची निवड चांगली आहे असं त्यांचं मत आहे, कुठल्या बाबतीत ते त्यांनी सांगितलं नाही.

नऊ बाटल्या एकत्र गेल्या. घेणाऱ्या बाईंनी कॅटलॉग उघडून विचारलं, हे पेन्सिलचं कुणी लिहिलं? मालकीणबाईंनी चष्मेवाल्यांकडे हात केला, तेव्हा ते उभे राहिले आणि उगीचच टोपी काढली. मी लिहिलेल्या नऊ पत्रांपैकी सहांना उत्तर नाही. दोघांचं आलं, ते तुला वाचून दाखवणार नाही. एक जण स्वतः येऊन अर्धा तास बोलून गेले. मी सगळं ऐकून घेतलं. आईला मीच सांगितलं. ती म्हणाली, तुझा मामा लहानपणापासून असाच.

गोदामात काम बरं चाललं आहे.

आज सकाळी कॉफी केली आणि घरात काहीतरी पेटलंय असं वाटलं. वायरी बघितल्या, गॅस बघितला, खिडकी उघडून खाली रस्त्यावर बघितलं. कुठे काही नाही. मग कपावर वाकले. कॉफीला जळक्या रबराचा वास येत होता, कुणीतरी टायर जाळल्यासारखा. इतका घाण की डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, नसा नव्याने फुटतात तेव्हा आधी वास चुकीचेच येतात, काही महिने असंच चालेल, मग बहुधा सुधारेल. घाण वाटत असेल तर कॉफी बंद ठेवा, असंही म्हणाले.

मी फोन ठेवला आणि तो कप शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले. मग दुसरा केला.

ठकू